डोंगरावरचा मुक्काम : जागा आपणच बघायची



आम्ही नांद्याच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. मुळशी तालुक्यातलं नांदे, सूस आणि चांद्याच्या शेजारचं. आजचा आमचा विषय आहे मुक्काम. दहा-बारा जणी मिळून थंड हवेच्या ठिकाणी, म्हणजे महाबळेश्वर-पाचगणीला जायचं ठरलं, तर रात्री राहायचं कुठं आणि ते ठरवायचं कसं, एवढंच आज सांगणार आहोत.

तुम्ही म्हणाल, यात सांगण्यासारखं काय आहे? पण जरा आठवून बघा. आजपर्यंत घराबाहेर किती रात्री काढल्या आणि कुठं काढल्या? माहेरी, लग्नघरी, दवाखान्यात कुणाच्या तरी उशाशी, नाहीतर आळंदी-पंढरपूरला. यातली एक तरी जागा आपण निवडली होती का? माहेरी आईनं अंथरूण टाकलं तिथं झोपलो. दवाखान्यात खाटेशेजारी जमिनीवर. धर्मशाळेत कोपरा मिळाला तिथं. घरच्यांबरोबर सहलीला गेलो, तरी जागा ठरवणार मालक किंवा गाडीचा ड्रायव्हर, आणि आपण पिशव्या उचलून मागं मागं. म्हणून आमच्या बैठकीत महाबळेश्वरचं नक्की झालं तेव्हा गाडीवर, जेवणावर, साड्यांवर फार बोलणं झालं नाही. सगळ्यात जास्त वेळ गेला तो "राहायचं कुठं" यावर. दोन बैठका त्यातच गेल्या.

खरं तर खोलीतलं आपल्याला कळत नाही असं अजिबात नाही. आपल्या मुळशीत धरणाच्या बाजूला, ताम्हिणीच्या रस्त्याला कितीतरी रिसॉर्ट झालेत. तिथं खोल्या झाडायला, चादरी बदलायला, भांडी घासायला आपल्याच बाया जातात. आमच्या गटातल्या दोघी जातात. दुसऱ्याची खोली रोज लावून देणाऱ्या या दोघींना स्वतःसाठी खोली बघायची वेळ मात्र कधी आली नव्हती. या खेपेला आम्ही त्यांनाच पुढं केलं. पुढं जे सांगणार आहोत त्यातलं निम्मं त्यांचंच शहाणपण आहे.

आधी पैशाचं सांगतो. गटाच्या बचतीला आम्ही हात लावला नाही. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोब ही आपली पंचसूत्री. त्यात सहल बसत नाही. गटाच्या पैशावर कुणाच्या पोराची फी, कुणाची शेळी अवलंबून असते. म्हणून सहलीची भिशी वेगळी काढली. 14 जणी, महिन्याला 200 रुपये, 10 महिने. जमले 28,000 रुपये. वही वेगळी, डबा वेगळा. त्यातले निम्मे राहण्या-जेवणाला, पाव प्रवासाला आणि पाव हातात राखून. ही हातातली पाव रक्कम फार महत्त्वाची. पोचल्यावर जागा बरी वाटली नाही, तर "पैसे नाहीत म्हणून इथंच राहू" असं म्हणायची पाळी बाईवर येऊ नये. पैसा हातात असला की नाही म्हणता येतं.

प्रवासाला एसटी धरली. 17 मार्च 2023 पासून राज्यात एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे, ते तुम्हाला माहीतच आहे. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना तर तिकीटच नाही. आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या आजी शहात्तर वर्षांच्या. त्या सारख्या म्हणायच्या, "मी फुकट येणार, मला नाही म्हणू नका." वयाचा पुरावा म्हणून आधार मात्र जवळ ठेवायचं.

आता जागेकडं येऊ. आमच्यात सुरुवातीला फार वाद झाले. पोरी म्हणाल्या बाजारपेठेतच राहायचं, रात्री फिरता येईल. सासवा म्हणाल्या देवळाजवळ राहायचं, पहाटे दर्शन होईल. एकीला तळ्याकाठी राहायचं होतं. कुणी ऐकेना. तेव्हा एका वहिनीनं सुचवलं, की जागेची नावं बाजूला ठेवा आणि आधी माणसं मांडा. मग फळ्यावर लिहिलं. आजींचे गुडघे दुखतात, त्यांना खाली बसायचा संडास चालत नाही. एकीला दमा आहे, तिला ओलीचा आणि धुराचा त्रास. एकीचं आठ महिन्यांचं बाळ अंगावर पितं, तिला रात्री गरम पाणी हवं. दोघींच्या घरून सांगितलंय, की फोन लागला पाहिजे. दोघींची पाळी त्याच तारखांना येणार. हे सगळं लिहून झाल्यावर वाद आपोआप थांबला. कारण मग प्रश्न "कुठं मजा येईल" हा राहिला नाही. या चौदाही जणींना नीट झोप कुठं लागेल, हा झाला.

आता तिथल्या थंडीचं थोडं समजून घेऊ, म्हणजे जागा निवडणं सोपं जातं. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर आहे आणि महाबळेश्वर साधारण 1,370 मीटरवर. हजार मीटर वर चढलं, की हवा साधारण सहा अंशांनी थंड होते. म्हणजे आपल्यापेक्षा तिथं पाचेक अंशांनी थंडी जास्त, वर डोंगरावरचा वारा वेगळा. पण त्या गावातही सगळीकडं सारखी थंडी नसते. थंड हवा जड असते, ती पाण्यासारखी उतारानं खाली सरकते आणि सखल भागात साचते. आपल्याकडं नाही का, हिवाळ्यात पहाटे नदीकाठच्या खाचरात धुकं भरलेलं असतं आणि वरच्या माळावर ऊन पडलेलं असतं? तसंच तिथं. वेण्णा तलावाच्या आणि लिंगमळ्याच्या बाजूला थंडीत कधी कधी दवाचे थेंब गोठून गवतावर पांढरं पसरतं, आणि तिथून थोडं वर बाजारपेठेत मात्र तसं काही नसतं. फोटोला तळ्याकाठ चांगला. पण तान्हं बाळ आणि दम्याचं माणूस बरोबर असेल, तर डिसेंबर-जानेवारीत तळ्याकाठची रात्र टाळायची. तिथं दिवसा ऊन पडल्यावर जायचं, मक्याचं कणीस खायचं, होडीत बसायचं आणि परत यायचं. हा तलाव 1842 साली साताऱ्याच्या छत्रपती आप्पासाहेब महाराजांनी बांधून घेतला.

राहायच्या जागा तिथं साधारण चार तऱ्हेच्या आहेत.

पहिली, महाबळेश्वरची बाजारपेठ. तिचं जुनं नाव माल्कम पेठ. माल्कम हा 1830 च्या आसपासचा मुंबईचा इंग्रज गव्हर्नर. एसटी स्टँड जवळ, दुकानं जवळ, औषध मिळतं, रात्री उशिरापर्यंत वर्दळ. एसटीनं जाणाऱ्या बायांना ही जागा सोयीची, कारण उतरलं की चालत खोलीवर. पण गर्दीच्या दिवसांत भाव चढे आणि गोंगाट फार.

दुसरी, क्षेत्र महाबळेश्वर. बाजारपेठेपासून पाच-सहा किलोमीटरवर. तिथं महाबळेश्वराचं देऊळ आणि पंचगंगेचं देऊळ. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम तिथं मानतात. पहाटेच्या दर्शनाला बरं. पण संध्याकाळी लवकर सामसूम होतं आणि बाजारात जायचं म्हटलं, की गाडी लागते.

तिसरी, पाचगणी. आपण वाईवरून पसरणीचा घाट चढून गेलो, की आधी पाचगणी लागते, मग पुढं अठरा-वीस किलोमीटरवर महाबळेश्वर. पाचगणीत पाऊस महाबळेश्वरपेक्षा बराच कमी, हवा कोरडी. पूर्वी छातीच्या आजाराची माणसं हवापालटाला तिथं आणत ती त्यासाठीच. दमेकऱ्याला महाबळेश्वरपेक्षा पाचगणी मानवते, असा आमच्या बाईचाही अनुभव.

चौथी, आसपासच्या गावांतली घरं. पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्या मधे भिलार नावाचं गाव आहे. स्ट्रॉबेरीचं गाव. 4 मे 2017 ला तिथं "पुस्तकांचं गाव" सुरू झालं. लोकांच्या घरात, देवळात, शाळेत पुस्तकं ठेवलीत, कुणीही जाऊन बसावं आणि वाचावं. त्यातल्या बऱ्याच घरांत राहायची-जेवायची सोय असते. घरचं जेवण, घरातली बाई समोर, आणि भोवती शेत. अडचण एकच, की गावात जायला-यायला वाहन आधी ठरवून ठेवावं लागतं.

यावरून आम्ही एक साधा नियम काढला. हाताशी गाडी नसेल, तर स्टँडजवळ राहा. गाडी ठरवता येत असेल, तर गावात राहा. आणि पायाचं दुखणं असलेलं माणूस असेल, तर सगळ्यात आधी पायऱ्या विचारा.

पायऱ्यांचं मुद्दाम सांगतो. डोंगरातल्या गावात तळमजला म्हणजे आपल्यासारखा तळमजला नसतो. घर उतारावर बांधलेलं असतं. रस्ता वर आणि खोली खाली. फोनवर "ग्राउंड फ्लोअर आहे मावशी" असं सांगतात, आणि जाऊन बघावं तर रस्त्यापासून चाळीस पायऱ्या खाली. म्हणून मजला विचारायचाच नाही. विचारायचं असं : "गाडीतून उतरल्यावर खोलीच्या दारापर्यंत पायऱ्या किती?" तसंच "बाजारापासून पाच मिनिटं" म्हणाले, की विचारायचं, "चालत, का गाडीनं?" आणि "दरी दिसणारी खोली" म्हणून जास्त पैसे सांगितले, तर आपला हिशोब आपण करायचा. रात्री दरी दिसत नाही. धुकं पडलं तर दिवसाही दिसत नाही. आणि आपण दिवसभर बाहेरच असणार. दरी बघायला पॉइंट आहेत की.

आता कधी जायचं. दिवाळीची सुट्टी, नाताळ ते नवं वर्ष, एप्रिल-मे आणि दर शनिवार-रविवार, या दिवसांत गर्दी आणि भाव दोन्ही चढे. आठवड्याच्या मधल्या वारी, बुधवारी-गुरुवारी गेलं, तर तीच खोली बरीच स्वस्त पडते. आपल्याला कुठं ऑफिसची सुट्टी बघायचीय? भात झोडून, सोयऱ्यांची लग्नं बघून आपण वार ठरवू शकतो. पावसाळ्यात भाव उतरतात, पण तिथला पाऊस वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर जातो. भिंतींना ओल धरते, कपडे वाळत नाहीत, घाटात दरड येते. तरण्याताठ्या पोरींना ठीक. म्हाताऱ्या आणि दमेकरी बरोबर असतील तर नको. आम्ही जानेवारीतला बुधवार धरला. स्ट्रॉबेरीही तेव्हा भरात असते.

मग फोन करायला बसलो. एकटीनं नाही, तिघी मिळून, स्पीकरवर. एकीनं बोलायचं, दुसरीनं लिहायचं, तिसरीनं ऐकायचं की काही सुटलं का. विचारायचे प्रश्न आम्ही आधीच कागदावर काढले होते. तुम्हीही लिहून घ्या.

एका खोलीत किती जणी झोपणार, आणि झोपायला पलंग की खाली गाद्या? गाद्या वाढवल्या तर त्याचे पैसे वेगळे का? संडास खोलीला लागून आहे की बाहेर? कमोड आहे का? गरम पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ? चौदा जणींना पुरेल का? रजया माणशी एक की दोघींत एक? वीज गेली तर काय सोय? फोनला रेंज कुठल्या कंपनीची येते? जेवणात काय, ताटाला किती, की पोटभर? सांगितलेले पैसे जीएसटी धरून की सोडून? सकाळी खोली किती वाजता सोडायची, आणि त्यानंतर सामान ठेवून फिरायला जाता येईल का? येणं रद्द झालं तर पैसे परत किती?

गरम पाण्याचा प्रश्न ऐकून एका ठिकाणचे गृहस्थ हसले. म्हणाले, सहा ते आठ पाणी असतं, उरका लवकर. आम्ही हिशोब केला. चौदा जणी, दोन न्हाणीघरं, दोन तास. एकीच्या वाट्याला सतरा मिनिटं. ते जमण्यासारखं होतं. पण पाणी पहिल्या चौघींनंतर गार होतं, हेही त्यांनीच सांगितलं. मग ती जागा सोडली.

आणखी एका ठिकाणी फोन केला. नाव सांगत नाही, सांगून काही साधायचं नाही. सगळं ठरत आलं आणि पलीकडून प्रश्न आला, "सोबत जेंट्स कोण आहेत?" आम्ही म्हटलं, कुणी नाही, आम्ही चौदा बायका. मग ते म्हणाले, "मग नको, जबाबदारी कोण घेणार?" मैत्रिणींनो, तो फोन ठेवल्यावर बैठकीत थोडा वेळ कुणीच बोललं नाही. ज्या दोघींच्या घरून आधीच कुरकूर होती त्यांची तोंडं उतरली. एक म्हणालीही, "बघा, घरचे म्हणत होते ते खरंच."

यावर आमच्या आजी जे बोलल्या ते आम्ही विसरणार नाही. त्या म्हणाल्या, "माझा मालक जाऊन वीस वर्षं झाली. शेत केलं, कर्ज फेडलं, दोन पोरींची लग्नं केली. त्याची जबाबदारी कुणी घेतली होती?"

तेव्हा हे नीट ध्यानात ठेवा. बायकांनी खोली घ्यायला पुरुष सोबत असलाच पाहिजे, असा कुठलाही कायदा नाही. ओळखपत्र दाखवायचं, वहीत नाव लिहायचं, पैसे द्यायचे, एवढंच लागतं. आणि जो फोनवरच असा प्रश्न विचारतो त्याच्याकडं आपण राहायचंच नाही. रात्री काही अडलं तर तो दार उघडेल याची काय खात्री? त्यानं नाही म्हटलं ते एका परीनं बरंच झालं. घरच्यांनाही आम्ही तेच सांगितलं. ज्या घरात राहणार त्या बाईचा नंबर, पत्ता, एसटीची वेळ, सगळं एका कागदावर लिहून प्रत्येकीच्या घरी चिकटवलं. परवानगी मागत बसण्यापेक्षा माहिती दिली, की घरचे निवांत होतात, हा आमचा अनुभव.

आता पैसे पाठवायचं. हल्ली मोबाईलवर हॉटेलच्या नावानं खोटी पानं करतात, छान फोटो टाकतात, आगाऊ पैसे घेतात आणि नंबर बंद. म्हणून एका नंबरावर विश्वास ठेवायचा नाही. तोच नंबर दुसरीकडून, ओळखीच्या माणसाकडून, आधी जाऊन आलेल्या गटाकडून पडताळायचा. आगाऊ थोडेच पैसे द्यायचे, बाकीचे खोली बघून. पैसे पाठवण्याआधी पडद्यावर नाव येतं, ते समोरच्याचंच आहे का, ते वाचायचं. आणि हे तर पाठच करा : पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. कुणी म्हणालं, "तुमचे जास्तीचे पैसे परत करतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका," तर फोन ठेवून द्या. फसवणूक झालीच तर लगेच 1930 या नंबरावर फोन करायचा. जितका उशीर, तितके पैसे लांब जातात.

आधारची झेरॉक्सही सगळीकडं वाटत सुटायची नाही. आधारची अशी प्रत मिळते की जिच्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात, तिला मास्क्ड आधार म्हणतात. गावातल्या सेवा केंद्रात काढून घ्या. नाहीतर मतदान कार्ड दाखवा.

पोचल्यावर काय बघायचं, हे आमच्या रिसॉर्टवाल्या दोघींनी शिकवलं. सामान लगेच आत न्यायचं नाही. चौदा जणींनी एकदम घुसायचं नाही. दोघींनी आत जाऊन बघायचं. उशीचा अभ्रा उचलून आतली उशी बघा. गादीचा कोपरा वर करून शिवणीत ढेकूण आहेत का ते बघा. रजईचा वास घ्या, ओल असेल तर लगेच कळते. नळ सोडून बघा. दाराची कडी आतून लावून बघा, खिडक्यांच्या कड्या लावून बघा. खिडकी नीट लागली पाहिजे, कारण तिथं माकडं फार. पिशवीतली चटणी-भाकरी तर नेतातच, औषधाची पिशवीही पळवतात. न्हाणीघरात झाकणाची कचरापेटी आहे का बघा, नसेल तर मागून घ्या. पाळीचे कपडे संडासात टाकायचे नाहीत. कागदात गुंडाळून पेटीत टाकायचे. ते सकाळी उचलणारी बाई आपल्यासारखीच असते.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. बाकी सगळं विसरलात तरी हे विसरू नका. थंडी फार वाजली, म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा घमेल्यात निखारे ठेवून झोपायचं नाही. कुणी प्रेमानं आणून दिले तरी नाही. त्यातून जो विषारी वायू निघतो त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला गुंगी येते आणि झोपेतच जीव जातो. गॅसच्या गिझरचंही तेच. गिझर न्हाणीघराच्या आत असेल आणि तिथं खिडकी नसेल, तर दार पूर्ण बंद करून आंघोळ करायची नाही. शक्यतो बादली भरून घ्या, गिझर बंद करा आणि मगच आंघोळीला बसा. डोकं जड झालं, मळमळलं, तर आधी बाहेर मोकळ्या हवेत या. थंडीवर उपाय साधे : पायमोजे, कानटोपी, दोन सुती कपडे आणि वर स्वेटर, झोपताना गरम पाण्याची पिशवी. रुग्णवाहिकेचा नंबर 108 आणि कसल्याही संकटाचा 112. हे दोन्ही नंबर आम्ही आजींच्या हातावर पेनानं लिहून ठेवले होते.

शेवटी आम्ही गेलो ते भिलारच्या बाजूला, एका घरी. फोनवर एक बाईच बोलल्या होत्या. पायऱ्या विचारल्यावर म्हणाल्या, "थांबा, मोजून सांगते," आणि खरंच मोजून सांगितल्या, सहा. तिथंच आमचं निम्मं ठरलं होतं. स्वारगेटहून एसटीनं पाचगणी, आणि तिथून दोन जीप. त्यांचं भाडं आधीच बोलून ठेवलं होतं. मोठी खोली, खाली गाद्या, कमोड एका न्हाणीघरात होता. पाणी चुलीवरच्या बंबात तापायचं, आणि बंब अंगणात, त्यामुळं धुराची भीती नव्हती. रात्री पिठलं-भाकरी आणि गरम भात. जेवण झाल्यावर आमच्यातल्या चार-पाच जणी सवयीनं ताटं उचलून मोरीकडं निघाल्या. घरधनीण आडवी आली. म्हणाली, "ठेवा ती ताटं. आज तुम्ही पाहुण्या." आमच्या रिसॉर्टवाल्या दोघींपैकी एक तिथंच खाली बसली. इतक्या वर्षांत तिला असं कुणी म्हटलं नव्हतं.

त्या बाईंशी पैशाची घासाघीसही झाली. का नाही करायची? पण त्यातही आम्ही एक मर्यादा ठेवली. दुसऱ्याच्या खोल्या लावायला जाणाऱ्या आमच्या दोघींनी हिशोब मांडला : चौदा रजया, चौदा अभ्रे धुवायचे, थंडीत वाळवायचे, दोन वेळचा स्वयंपाक, सरपण, पाणी. यातून तिच्या हातात काय उरणार? त्यांनी सांगितलेल्या आकड्याच्या खाली मग आम्ही गेलो नाही. वर सकाळच्या पोह्यांचं मात्र त्यातच बसवून घेतलं. आपण मजुरी करताना जो भाव मागतो तोच दुसऱ्या बाईच्या कामाला द्यायचा, एवढं तरी आपल्याला जमायला हवं.

दुसऱ्या दिवशी क्षेत्र महाबळेश्वरला दर्शन झालं, वेण्णा तलाव झाला, बाजारात चप्पल आणि चणे झाले, आणि संध्याकाळच्या एसटीनं परत. भिशीतले पैसे उरले ते वहीत मांडून पुढच्या सहलीला ठेवले. आजी चौदा जणींत सगळ्यात गाढ झोपल्या होत्या. ज्या दोघींच्या घरून कुरकूर होती त्यांच्यातल्या एकीच्या सासूनं परवा विचारलं, "पुढच्या वेळी मला घेणार का?"

तर मैत्रिणींनो, तुमच्या पुढच्या बैठकीत हा विषय काढा. जायचं महाबळेश्वरला असो, माथेरानला असो, नाहीतर नुसतं एका रात्रीसाठी कुठं असो. आधी फळ्यावर आपली माणसं मांडा, प्रत्येकीचं दुखणं-खुपणं लिहा, मग प्रश्नांचा कागद करा आणि तिघी मिळून फोनला बसा. जागा आपणच बघायची. आपल्याला ती चांगली बघता येते.

एवढं बोलून थांबतो. नांद्याहून आमच्या सगळ्या जणींचा नमस्कार.